डाव्या हाताचं काम

केरी सोडून घाट चढताना,
मागच्या सीटला सुंभानं आवळलेली पेटी,
दुसऱ्या वळणावर
इंजिनाचा सूर चढला
काळी दोनवरून थेट पांढरी सहा,
आणि गाडी
होती तिथंच.

मी पेट्या दुरुस्त करणारी बाई.
मला एवढं कळतं:
आवाज पुढं जातो, अंग मागं राहतं,
तेव्हा मधलं काहीतरी सुटलेलं असतं.

बेळगावात, तिसऱ्या गेटाजवळ, भरमाणीनं
कान न लावताच सांगितलं,
"क्लच घसरूलालाय.
अठ्ठ्याण्णवची गाडी, तुमी आणि वर ही पेटी.
जुन्या प्लेटांनी किती धरायचं?"

उजवं झाकण उघडलं.
काळं तेल परातीत उतरलं, जळक्या वासाचं.
पोलादी प्लेटा निळ्या पडलेल्या,
मोराच्या मानेसारख्या, सुंदर,
म्हणजे वाया गेलेल्या.
क्लचच्या डब्याच्या बोटांत खाचा.
त्यांवरून त्यानं नख फिरवलं
तसं मी घासलेल्या सुरीच्या पट्टीवरून फिरवते.

"एक प्लेट जादा बसवतो," तो म्हणाला.
"पोलाद थोडं पातळ करून आणतो, उद्यमबागेत
दस्तगीरकडं. आणि स्प्रिंगा कडक. बिगी.
मग बघा, डोंगर उचलंल."
"आणि लिव्हर?"
"लिव्हर जड होणार की.
घट्ट धरायचं तर दाबायला जड. फुकट काय मिळतंय?"

मी डावा हात पुढं केला.
बावीस वर्षं भाता मारणारा.
उजवा हात गातो, लोक त्याच्याकडं बघतात,
डावा नुसता श्वास पुरवतो.
मनगटाशी ही गाठ.
पेटीसमोर सकाळी अर्धा तास ती शिव्या देते.

भरमाणीनं गाठ दाबून पाहिली,
बेअरिंग तपासावं तशी.
काही बोलला नाही. विडी विझवली.

रात्रभर नव्या प्लेटा तेलात मुरल्या
वड्याच्या डाळीसारख्या,
बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात.

सकाळी तो रचायला बसला.
एक फायबर, एक पोलाद,
एक इंजिनाच्या बाजूची, एक चाकाच्या,
दाबली तर एकत्र फिरणार,
सोडवली तर ज्याची त्याची वाट.
मी म्हणणार होते काहीतरी
या आमच्या मुलखाबद्दल,
पण इथं सगळ्यालाच ती उपमा चिकटवतात,
दुकानाच्या पाटीपासून बसच्या तिकिटापर्यंत.
मी गप्प बसले.
भरमाणी प्लेटा मोजत होता:
"ओंदु, येरडु, तीन, चार…"

स्प्रिंगांपाशी थांबला.
चार जागा. दोन कडक घेतल्या,
दोन जुन्यांतल्याच, पुसून,
आणि समोरासमोर तिरक्या बसवल्या
म्हणजे दाब एका अंगाला कलणार नाही.
"पुरी ताकद नाही यात," म्हणाला,
"पण हात पायजे की पेटीला."
मग खालचा दांडा, केबल ओढणारा,
दस्तगीरकडनं बोटाच्या एका पेराएवढा
लांब करून आणलेला. त्याचे पैसे
त्यानं बिलात धरलेच नाहीत.
मी विचारलं तर म्हणाला,
"माझ्या भावाची पेटी आहे एक. बघा कदी सवडीनं."

लिव्हरला ढील ठेवली
दोन रुपयाच्या नाण्याएवढी.

गेट बंद होतं.
मी पहिला गिअर टाकून, क्लच दाबून उभी,
मालगाडीचे डबे मोजत.
मागून कुणीतरी ओरडलं,
"न्यूट्रल करा की ओ बाई!"
केलं नाही. बघायचं होतं
हात किती पुरतो.
एकोणचाळीस डबे.
चौतिसाव्याला मनगट थरथरलं, पण धरलं.

फाटक उठलं.
बोटं सोडली, भाता सोडावा तशी, हळू,
पण क्लचनं लवकरच धरलं, अजून सवय नाही,
गाडी हिसक्यानं पुढं गेली
आणि मागं, सुंभात आवळलेल्या पेटीतून
आपोआप एक सूर निघाला.

कोमल रिषभ.
किंचित उतरलेला.
ते उद्याचं काम.